भूकंपावर आळ

फरशीवाले मामा कुठेही गेले की आधी खिशातली पाणसळ काढून जमीन सपाट आहे का ते बघत. चर्चच्या सभागृहाची फरशी त्यांनीच बसवलेली, आणि त्यावरून मामांचा तोरा तर विचारू नका! रविवारी तिच्यावरच बसून ते मुलांना देवाच्या गोष्टी सांगत.

गेल्या आठवड्यात भूकंपाचा हलका धक्का बसला आणि मामांचं फावलं. कोपऱ्यातल्या चार फरश्या खरं तर आदल्याच दिवशी उचकटल्या होत्या. घाईघाईत मामांनी त्या मधे फुगायला फट न सोडता चिकटवल्या होत्या ना! पण मामांशिवाय ते कुणी पाहिलं नव्हतं. "भूकंपानं गेल्या हो," म्हणून मामा मोकळे झाले.

रविवारी मुलांनी विचारलं, "मामा, भूकंप का होतो?"

"जमिनीखाली प्लेटा असतात. त्या सरकतात, तुटतात..."

तेवढ्यात बेकरीवालीची धाकटी हुंदके द्यायला लागली. "मीच केला भूकंप! आईची प्लेट फोडली, कपाटाखाली लपवली. मग देव चिडला."

मामांना हसू फुटलं, पण पोर खरंच भेदरलेली पाहून ते जागीच विरलं.

"अगं वेडाबाई, त्या प्लेटा दगडाच्या! देशाएवढ्या!" त्यांनी उचकटलेल्या दोन फरश्या एकमेकींवर रेटल्या. त्या अडल्या, कुरकुरल्या आणि खाडकन उसळल्या. "हा बघ भूकंप. देवानं पृथ्वी अशी सरकती घडवली, म्हणून तर डोंगर वर आले. प्लेट फुटली म्हणून तो घरं हलवत नाही. उलट जमीन हलली की आपल्याला घट्ट धरतो."

"आणि खोटं बोललं तर?"

"तर... खरं बोलायची वाट बघतो."

एवढ्यात बेकरीवाली लेकीला न्यायला आली. दारात उभ्या पाळकसाहेबांना सांगत होती, "मेल्या भूकंपानं माझी चांगली प्लेट फोडली बघा. तुकडे थेट कपाटाखाली!"

पोरीला आयती सुटका मिळाली होती. तिनं नाक पुसलं. "आई, भूकंपावर आळ नको घेऊस. मीच फोडली."

आईचा हात वर गेला, तिथंच थबकला आणि हळूच लेकीच्या डोक्यावर आला.

मामांनी फरश्या खाली ठेवल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाळकसाहेब," ते घसा खाकरत म्हणाले, "या चार फरश्यांच्या बाबतीतही भूकंप बिचारा निर्दोष आहे."