आईच्या आवाजावर ठेवलेली पाळत

आई गेल्यावर पुण्याची नोकरी न सोडता मी काम घेऊन तंजावूरला आलो. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरात अप्पा आणि मी, दोघंच. जेवताना अप्पा विचारायचे, "रसम पुरे कां?" मी म्हणायचो, "पुरे." झालं दिवसभराचं बोलणं.

माझं काम कॉम्प्युटरच्या पोटात, कर्नलमध्ये चालतं. कुठल्याही प्रोग्रामला फाइल उघडायची, वाचायची किंवा पुसायची असली, की कर्नलकडेच यावं लागतं. तिथे कोण आलं, कोणती फाइल मागितली, किती वाजता, याची नोंद ठेवणारी अवजारं मी लिहितो. लोकांना हे रटाळ वाटतं. मला माणसांपेक्षा बरं वाटतं, कारण तिथे थापा चालत नाहीत.

आईच्या शेवटच्या वर्षात, सुट्टीवर आलो की मी तिच्याकडून घरच्या पदार्थांच्या कृती विचारून घ्यायचो आणि रेकॉर्ड करायचो. हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर अशा चौदा फाइली होत्या, नावं देवनागरीत. पुण्यात ती लिपी शिकलो, त्याचा तोरा! आमच्या घराची रीत म्हणजे बोलायचं मराठी आणि लिहायचं तमिळ अक्षरांत. अप्पांना देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी नावं देताना डोक्यात आलं नाही.

एक दिवस पाहतो तर तीन फाइली नाहीत. दुसरी प्रत मी काढलीच नव्हती. जगाला बॅकअपचं शहाणपण शिकवणारा मी, आणि दिव्याखाली अंधार. आईचा आवाज आणखी कुठेही नव्हता.

"तुम्ही हात लावलांत कां?" मी अप्पांवर जवळजवळ ओरडलोच.

"मी काय पुसलों नाही रे," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

मला ते खरं वाटलं नाही. मी त्या कॉम्प्युटरवर माझं अवजार चालू केलं. सरळ सांगायचं तर बापावर पाळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी नोंदी वाचल्या. आदल्या दुपारी सव्वादोनला, मी खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये असताना, गाणी वाजवायच्या प्रोग्रामने पहिली फाइल उघडली, थोडी वाचली, मिटली. मग दुसरी, तीही तशीच. तिसरी. नावं वाचता येत नव्हती म्हणून अप्पा कानाला हेडफोन लावून, एकेक उघडून हवी ती शोधत होते. सहावी मात्र शेवटपर्यंत वाचली गेली. तिच्याखालची ओळ पुसल्याची नव्हती. नाव बदलून फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवल्याची होती.

त्या फोल्डरात आधीच्या तिन्ही सापडल्या. जीव भांड्यात पडला, आणि लाजही वाटली. मी पदार्थांची नावं दिली होती. अप्पांनी तमिळ अक्षरांत मराठीच लिहिलं होतं: 'खोकला नाही ती.' 'मला हाक मारते ती.' 'हसते ती.' आणि कालची, 'पोरगा उठून गेला ती.'

ती मी लावली. आई चिंच किती वेळ भिजवायची ते सांगत होती. तेवढ्यात माझा ऑफिसचा फोन वाजला. "एक मिनिट," असं म्हणून मी उठलो. रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं, आणि इथून पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

थोडा वेळ फक्त पंख्याची घरघर. मग आई म्हणाली, "गेला तो. तुम्ही तरी बसा हो."

खुर्ची सरकली. पुढे बावीस मिनिटं आई बोलत राहिली, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल, लग्नात हरवलेल्या तिच्या जोडव्याबद्दल. अप्पा नुसते हूं हूं करत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बोलावूं कां त्याला?"

"नक्को," आई म्हणाली. "मला सवय झाली."

मी शेजारच्याच खोलीत होतो.