माणिकमामीचा गहू

माणिकमामीचा हात पक्का भाजीवाल्याचा. शेंदूरजनाघाटच्या मळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर बारमाही. कापणी झाली की मूठ-मूठ युरिया, वर पाणी, की पुन्हा हिरवंगार. वामनमामा गेल्यावर बाकी वावरात संत्रा लागला, पण विहिरीजवळचं एकर मामीने गव्हालाच ठेवलं. खायचा गहू दुकानातून आणायचा, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

मी अमरावतीहून दर डिसेंबरात आठ दिवस तिच्याकडे जायची. त्या साली गहू बघून थबकलेच. उंच, काळपट हिरवा. जाणारे-येणारे मोटारसायकल थांबवून बघत. मामीने शेणखत तर भरपूर टाकलंच होतं, शिवाय दर पाण्याला युरिया, मेथीला देतात तस्सा. फेब्रुवारीत एका दुपारी वारा सुटला आणि सगळं वावर अंथरूण घातल्यासारखं आडवं झालं. एकरात सहा पोती निघाली, तीही चिमलेल्या दाण्याची.

मामेभाऊ चंदन म्हणाला, पुरे आता, पावसाळ्यात इथेही संत्र्याची कलमं लावू. मामी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने आणखी एकच हंगाम मागितला. त्याने अट घातली, बारा पोती झाली तर वावर गव्हाचं. नाही तर कलमं.

पुढच्या डिसेंबरात मी गेले तेव्हा मामीच्या तोंडी नवीच भाषा. गावच्या कृषी सहायक वर्षालीताईंनी तिला सांगितलं होतं, शेणखत चांगलं कुजलेलंच घाला, युरिया दोनदाच द्या, पेरताना आणि एकवीस दिवसांच्या पाण्याला. आणि गव्हाच्या काडीवर पहिली गाठ आली की एकदा आणि पुढे महिनाभरात पुन्हा एकदा वाढ रोखणारं औषध फवारा, म्हणजे काडी आखूड, जाड होते आणि पीक लोळत नाही. युरियाचं मामीला पटलं होतं. औषधाचं काही केल्या पटेना.

"वाढवाले एवढं खत घालाचं आन् मंग बुटकं कराचं औषध माराचं? मले त काई समजून नाही राहिलं, अनू."

चंदन दारात हसत होता. मामीने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "याले तं कोणी पाजलं नव्हतं, तरी हा एवढाच राह्यला."

बाटलीवरची माहिती मी तिला दोनदा वाचून दाखवली. पंपात किती पाणी, किती औषध, हे तिने तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी तयार झाली, पण कडेचा एक वाफा तिने औषध न फवारता तसाच सोडला. वर्षालीताईंवर अविश्वास नको, पण आपल्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणाली. दुसरी फवारणी जानेवारीत तिने स्वतः पाठीवर पंप घेऊन केली.

त्या साली गहू बुटकाच राहिला, त्याची कोणी तारीफ केली नाही. शेजारच्या केशरबाईंनी तर विचारलं म्हणे, माणिकबाई, खत संपलं का तुमचं? मामीने त्यांना मेथीची जुडी देऊन वाटेला लावलं. तिच्या स्वभावाला हे फार होतं.

वारा आला तो मार्चच्या सुरुवातीला, पावसासकट. सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. "कडंचा वाफा झोपला," ती म्हणाली. मग, "बाकीचा उभा हाये."

मळणीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. यंत्रातून पोती भरत होती आणि चंदन मोठ्याने मोजत होता. बारापर्यंत आल्यावर त्याचा आवाज बंद झाला. मामीने पुढची दोन मनातल्या मनात मोजली असावीत. पदराने तोंडावरचा भुसा पुसला आणि म्हणाली, "पुढच्या साली पंप तू घे. माह्यानं आता होत नाही."

मामीला जाऊन चार वर्षं झाली. चंदन विहिरीजवळच्या वावरात अजून गहूच पेरतो, फवारणीही स्वतः करतो, आणि डिसेंबरात मला फोन करून विचारतो, येतेस का.