‘व्हय’ची मोजणी

वडगावच्या बाजारात परवा कुणीतरी ‘व्हय’ म्हणालं आणि मला तो जुना दिवस आठवला.

आकडेवारीचे प्रोग्राम लिहायला मी नुकताच शिकलो होतो. फिरता दवाखाना कुणाला हवा, या पाहणीत तिकोणा पेठ या गावातून एकही होकार नाही, असं माझ्या प्रोग्रामनं सांगितलं. दवाखाना दुसऱ्या गावाला गेला. पेठेतले फॉर्म भरणाऱ्या मावशी तडक आल्या.

“आरं, समदी व्हय म्हनली, मी तसंच लिवलं की!”

“मावशी, कंप्युटर चुकत नाही,” मी ऐटीत म्हणालो. मग पाहिलं, तर मी फक्त ‘हो’ मोजायला सांगितलं होतं.

“तुज्या कंप्युटरला मावळी येत न्हाई व्हय?” मावशी हसल्या. मीही निर्लज्जासारखा हसलो.

दुरुस्ती एका ओळीची होती. दवाखाना मात्र परतला नाही. संध्याकाळी घरी आईला विचारलं, “जेवलीस का?”

“व्हय,” आई म्हणाली.