नवव्या मजल्यावरचे मुठे

मी कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, इतकं माझं साधं. भुताखेताचं सांगणाऱ्यांना मी आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवते. तरी हे लिहितेय...

शहाडला नदीच्या अंगाला आमचं भातशेत होतं. त्यावर भराव पडला, टॉवर आला आणि आम्हा दोघी जावांना नवव्या मजल्यावर समोरासमोर फ्लॅट मिळाले. शेताच्या बांधात मुठे असायचे – बिळं करून राहणारे छोटे खेकडे. बिळात हात घालून मुठे काढण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. धाकटी जाऊ सुरेखा माळकरी. मासळीच्या वासानंसुद्धा पदर नाकाला. चिखलात तिनं कधी पाय घातला नाही.

आणि मुठे आले ते तिच्या सिंकमध्ये!

पहिला आला दोन वर्षांपूर्वी, आषाढात. "वयनी, ये गो लवकर!" जाऊन बघते तर खरकट्या भांड्यांत मुठा, नांग्या उगारून, पाठीवर ओला चिखल. प्लंबरनं पाईप उघडला. जाळी शाबूत, आत चिखलाचा ठिपका नाही.

"काकी, नऊ माळे कोण चढणार? बाजारातून आणला असेल कोणीतरी."

माळकरी बाईनं?

मग येतच राहिले. माझ्याकडे एकही नाही. मला भीती नाही वाटली, जळफळाट झाला. ती बिळं मला पाठ होती. त्यांच्या नांग्यांचे वण माझ्या बोटांवर आहेत. आणि यांनी ओळख ठेवली कोणाची?

"आई, तू खातेस ना त्यांना," मुलगी हसली. "कळत असेल त्यांनाही."

म्हणून मी अख्खा श्रावण पाळला. माझं सिंक रिकामंच.

सुरेखा त्यांना शेजारच्या पडीक प्लॉटच्या चिखलात सोडायची. यंदा त्यालाही पत्रे लागले, डंपर सुरू झाले. सोडायला जागाच उरली नाही. तिनं बाल्कनीत टबभर चिखल भरून त्यात ठेवले. मी म्हटलं, "एक मला दे."

"रश्शात घालशील."

"नाही घालणार. राहू दे नुसता माझ्याकडे."

ती हसली नाही. डावी नांगी तुटून पुन्हा लहान फुटलेला एक तिनं हातानं उचलून दिला. आता तिला न घाबरता उचलता येतो – तेही मला लागलं.

बादलीत चिखल भरला, मुठा सोडला, वर ताट, ताटावर वरवंटा. सकाळी वरवंटा जागच्या जागी. ताट उचललं. चिखलात ताजं बीळ होतं. सवयीनं हात घातला... बोटांना बादलीचा तळ लागला. मुठा नाही.

बेल वाजली. दारात सुरेखा, तळहातावर तो लहान नांगीचा.

"वयनी, तुझाच ना यो? सिंकमधी व्हता."

त्याच दिवशी चिखल परातीत काढून बादली पाण्यानं भरून पाहिली. कुठे चीर नाही, थेंब गळत नाही. मुठा कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. तो तिच्याच टबात आहे. चिखल मी परत बादलीत घातलाय, रोज पाणी शिंपडून ओला ठेवते. सुरेखानं विचारलं तेव्हा म्हटलं, तुळस लावायचीय.