झाकणाभोवतीची नावे

मयत : कासीमभाई, पत्र्याचे डबे व कोठ्या करणारे, वय अंदाजे अठ्ठावन्न. गल्ली : मुद्दाम लिहिलेली नाही, कारण पुढे येईल. मृत्यूचे ठिकाण : नांदेड, थोरल्या मुलीचे घर. वार : गुरुवार, दुपारी. साक्षीदार : गयाबाई, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, आणि पत्र्याचे एक झाकण. ज्याच्याविरुद्ध तक्रार : रकाना तूर्त कोरा. अर्जदार : मी, सातवीपर्यंत शिकलेला, तहसिलीसमोरच्या लिंबाखाली चोवीस वर्षे अर्ज लिहिणारा, ज्याच्या हस्ताक्षराची तारीफ आजवर दोन तहसीलदारांनी केलेली आहे.

दीड महिन्यापूर्वी नांदेडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. 'अब्बा गेले. झाकण तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले.' एवढाच मजकूर. मी तेव्हा एका वारसाचा अर्ज लिहीत होतो. 'मयत' हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेन, त्याच्यापुढे कोणाचेही नाव घालताना माझा हात कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी मात्र समोरच्या माणसाला मी उद्या या म्हणून सांगितले...

कासीमभाईंची व माझी ओळख जुनी. परंतु खरा संबंध आला तो लातूर जिल्हा वेगळा होऊन आमचा तालुका त्यात गेला तेव्हा. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते आणि टँकर ज्या दिशेने येई त्या दिशेला घागरी घेऊन माणसे धावत. सरकार नवे, कचेरी नवी, तेव्हा नव्या साहेबांकडे अर्ज केला तर दाद लागेल अशी सर्वांचीच समजूत होती. एका सकाळी कासीमभाई पिठाच्या डब्याचे एक मोठे गोल झाकण काखेत धरून माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे म्हणणे असे की चौकात एकच हौद बांधावा, टँकर त्यातच रिता व्हावा, आणि साऱ्या गावाने एका रांगेत पाणी भरावे. त्या दिवसांत रेडिओवर रोज कोणत्या ना कोणत्या मुलखातली दंगल ऐकू येई व तिच्यापाठोपाठ देश एक राहील अशी ग्वाहीही ऐकू येई. कासीमभाई ते ऐकत पत्रा ठोकत.

"मुन्शीजी, देश लई मोठा हाय, आपल्या हातात न्हाई," ते म्हणाले. "रांग हाय आपल्या हातात. ती एक करून दावू."

मग त्यांनी कागदावर झाकण ठेवून भोवती पेन्सिल फिरवली व सह्या या गोलाभोवती घ्याव्यात, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण ते कळणार नाही, असे सुचवले. मी त्यांना समजावले की सरकारी अर्जास अनुक्रमांक लागतो, गोलास सुरुवातच नसते. ते हसून म्हणाले, तेच तर पाहिजे. आठ दिवस कासीमभाई तो कागद घेऊन घरोघर फिरले. व्यापारी, मोमीन, मराठे, बौद्ध, सर्वांची नावे व अंगठे त्या गोलाभोवती आले. गयाबाईचा अंगठा पाटलांच्या सहीशेजारी पडला तेव्हा ती शाईचे बोट पदराला पुसत म्हणाली, "बघा की भाऊ, एका ताटात जेवायला बसल्यावानी दिसून राहिलो. आता पाटलाला म्हनावं, उठू नका मधूनच." पाटीलसुद्धा हसले होते. तो कागद पाहून मलाही क्षणभर वाटले की असे गाव खरोखरच आहे...

आता जे घडले ते लिहितो. कचेरीतला कारकून तो कागद पाहून म्हणाला, हे काय पंचांग आणले, नीट तक्ता करून द्या. मी कासीमभाईंना विचारले नाही. घरी बसून स्वच्छ प्रत केली. वाचणाऱ्या साहेबांची सोय व्हावी म्हणून नावे गल्लीवार लावली, प्रत्येक गल्लीला स्वतंत्र रकाना, घरांना क्रमांक, मथळ्याखाली तांबड्या शाईची रेघ. चोवीस वर्षांत इतका देखणा कागद माझ्या हातून झाला नव्हता, आणि मी तो अभिमानाने दाखल केला. मूळ गोल माझ्या पेटीत राहिला.

महिन्याभरात हुकूम आला. हौद नामंजूर; टँकर मात्र मंजूर, तो गल्लीवार, तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या वेळी. मी पेढे आणवले. कासीमभाईंनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही. सायबाला गल्ल्या कुणी सांगितल्या, एवढेच त्यांनी विचारले. मी तक्त्याची हकीकत सांगितली, आणि खरे सांगायचे तर थोड्या ऐटीतच सांगितली. त्यांनी पेढा माझ्या दौतीशेजारी ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. निजामाचे राज्य गेले त्या साली त्यांच्या मूळ गावात राशनसाठी म्हणून गल्लीवार नावे लिहिली गेली. पुढे जमाव आला तेव्हा त्याला घरे शोधावी लागली नाहीत. थोरला भाऊ त्या कागदावर होता. नावे लिहिली त्या दिवशी कासीमभाई मुखेडच्या बाजाराला गेलेले, म्हणून त्यांचे नाव राहून गेले.

"लिहिनारा वाईट मानूस नव्हता, मुन्शीजी," ते म्हणाले. "अक्षर लई चांगलं होतं त्याचं."

तीन रांगा झाल्या. पुढच्या गल्लीला टँकर भरून गेला आणि आपल्याकडे अर्धाच आला, असे तिन्ही गल्ल्यांत बोलले जाऊ लागले. ज्या बायका एका विहिरीवर भेटत त्या आता भेटेनाशा झाल्या. वैशाखात एके दिवशी तीनपैकी दोन टँकर आलेच नाहीत. आलेल्या एकावर तिन्ही रांगा धावल्या. घागरी फुटल्या, मग दगड आले. दगडांबरोबर जी नावे घेऊन शिव्या ऐकू आल्या, ती माझ्या तांबड्या रेघांखालची होती. कासीमभाई दोन्ही हात वर करून मध्ये उभे राहिले. त्यांच्या छातीला व खांद्याला मार बसला. गयाबाईने त्यांना ओढून आपल्या अंगणात नेले म्हणून ते त्या दिवशी वाचले. आठवड्याने दुकानाची फळी लावून ते मुलीकडे निघाले. एसटी स्टँडवर मी त्यांची वळकटी उचलून दिली. त्यांनी झाकण माझ्या हाती ठेवले. "परत एकदा लिवा. गोलच लिवा. सही करायला मी येतो." गाडी सुटेपर्यंत मी क्षमेचे दोन शब्द जुळवीत होतो. लोकांची गाऱ्हाणी सफाईने मांडणाऱ्या मला ते जुळले नाहीत...

ते परत आले नाहीत. त्यांच्यामागे आले ते दुसरेच. पंधरा दिवसांपूर्वी दोन अनोळखी इसम माझ्या टेबलाशी बसले. कोणत्याशा समितीचे नाव सांगून त्यांनी तुमचा गल्लीवार तक्ता आम्ही पाहिला, त्यात नंतरची नवी घरे तेवढी घालून द्या, अशी मागणी केली. निघताना एक जण म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं." मी नकार दिला, पण तक्ता त्यांनी आधीच पाहिला होता. गेल्या सोमवारी गयाबाई कामावरून थेट लिंबाखाली आली. तिच्या वस्तीत आणि कासीमभाईंच्या गल्लीत घरांच्या कोपऱ्यांवर खडूने आकडे पडले होते. "भाऊ, हे आकडे कशाचे हायत?" तिने विचारले. मी जाऊन पाहिले. मी दिलेलेच क्रमांक होते, त्याच ओळीने. कासीमभाईंच्या बंद फळीवर सतरा.

तरी मी अर्जदार वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या सुज्ञ वाचकांस व संबंधित अधिकाऱ्यांस विनंती करतो की, माझ्या हस्ताक्षरातील सदर तक्ता मला परत मिळावा. तो कोणास दाखविला व कोणी उतरवून घेतला याचे लेखी उत्तर मिळावे. आणि वर कोरा ठेवलेला रकाना माझ्या नावाने भरला आहे असे समजावे. झाकण माझ्या टेबलावर आहे. त्याभोवती नव्या कागदावर पेन्सिल फिरवून मी गोल काढला आहे. गयाबाईने अंगठा दिला, शेजारी मी सही केली, आणि आमच्या दोघांमध्ये एका माणसापुरती जागा सोडली आहे. बाकी सर्व गोल रिकामा आहे. कचेरीच्या वेळेत मी लिंबाखालीच असतो. यावे, अथवा उत्तर द्यावे. परंतु लवकर द्यावे. भिंतींवरचे आकडे मी दोनदा पुसले. दोन्ही वेळा ते पुन्हा आले आहेत.