उघडलेलं विमान

सकाळी ह्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदय पुन्हा सुरू झालं नाही. संध्याकाळी मी बागबाजारला घरी आले.

आदल्या आठवड्यात ह्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं होतं. हे हवाई दलात विमानांच्या देखभालीवर होते. निवृत्त झाल्यावर, माझी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी इथे, म्हणून कोलकात्यात राहायला आले. पाकिटात एका लढाऊ विमानाचे जुने, कृष्णधवल फोटो होते. ते ह्यांनी पलंगावर पसरले. शेपटीकडचा अर्धा भाग सुटा करून गाड्यावर मागे ओढलेला. पोटावरची झाकणं खाली ताडपत्रीवर मांडलेली. उघड्या नळ्यांच्या तोंडांना टोपणं, आत धूळ जाऊ नये म्हणून.

मी ऑपरेशनला तयार नव्हते. गोळ्यांवर जेवढे दिवस निघतील तेवढे निघू देत, असं माझं म्हणणं होतं.

"बघ, काय उरलंय यात?" हे म्हणाले. "कोणीही म्हणेल, संपलं. आणि हेच विमान आम्ही परत जोडलं. उडालं ना पुढे!"

"अहो, तुम्ही काय विमान आहात?"

"आहे की. जुनं मॉडेल. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, एवढंच."

मला हसू आलं. हसता हसताच मी हो म्हटलं.

दिवसकार्य झालं, मुलगा न्यू टाउनला त्याच्या घरी परत गेला, आणि मी ते फोटो पुन्हा काढले. रोज काढू लागले. ते मी पुस्तकासारखे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बघत होते. पण त्यांना क्रमच नव्हता. एका फोटोत कुणाचा तरी हात पान्यावर आहे. नट सोडवतोय की आवळतोय, ते फोटोवरून ठरत नाही. अख्ख्या विमानाचा फोटो त्यात एकही नव्हता. तरी तो हात नट आवळतोय, असंच मी धरून चालले. विमान पुढे उडालं असेल, तर ह्यांना आत पाठवण्यात माझं काही चुकलं नाही. हे तर्काला धरून नाही, हे मला समजत होतं. पण सकाळी अंथरुणातून उठायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नाशिकहून फोन आला. दोघं एकाच हँगरमध्ये होते. त्यांचं सांत्वन ऐकून घेतलं आणि मी भिंग घेऊन शेपटीवरचा क्रमांक वाचून दाखवला.

"हे विमान पुढे किती वर्षं उडालं, भावजी?"

"ते? अहो वहिनी, ती तर आमची अन्नपूर्णा!" ते हसले. "सांगाड्यालाच तडा गेला होता तिच्या. मग ज्याला जे हवं ते तिच्यातून काढायचं आणि दुसऱ्याला लावायचं. शेवटी नुसतं टरफल उरलं."

"परत जोडलं नाही?"

"कुठलं जोडताय! कुठून काय काढलं ते कळावं म्हणून तर तुमच्या नवऱ्याने हे फोटो काढले." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "का हो, वहिनी? काय झालं?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. पलंगावर बसून, फोटोवर बोट ठेवून हे माझ्याशी खोटं बोलले. डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला काही सांगितलं होतं का? मला फसवलं, की स्वतःलाच धीर दिला? दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत जाते आणि मोठ्याने विचारते. रागावते. एकदा तर ह्यांच्या चपला उचलून भिंतीवर फेकल्या. ह्यांच्याशी मी मराठीतच भांडत आले. मुलाला मराठी समजतं, पण तो उत्तर बंगालीत देतो, आणि यातलं काहीच मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, बाबांनी तुझ्या भल्यासाठीच केलं. ते मला ऐकायचं नाही.

फोटो मी फाडले नाहीत, पाकिटात परतही ठेवले नाहीत. पलंगावर ह्यांच्या बाजूला ते पसरलेले आहेत. मी माझ्या बाजूला झोपते.