बोंडूंचा वास

माझं नाक तिखट आहे, असं मीच सगळीकडे सांगत फिरतो. वाडीतल्या एका भाऊबंदाची स्कूटर वळणावर उलटली आणि तो जागीच गेला, तेव्हा पोलिसांनी मला पंच म्हणून उभं केलं. मी वाकून वास घेतला आणि हवालदारांना छातीठोक सांगितलं, "साहेब, घेतलेली आहे." तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? वाडीभर तेच सांगितलं, वर त्याच्या झोकांड्यांची नक्कलही केली.

काही महिन्यांनी रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला. मद्यार्क आढळला नव्हता. त्याची बायको तो अहवाल घेऊन आमच्या पडवीत आली.

"भावजी, ते काजूच्या बागेतून येत होते. गोणीत बोंडू होते."

मला काजूच्या फळांची ती फुटलेली गोणी आठवली. उन्हात आंबलेल्या त्या बोंडूंच्या रसात माझीच चप्पल चिकटत होती, तरी माझ्या नाकाला दारूच सुचली.

"शाळेत मुलीला दारुड्याची पोर म्हणतात. तुम्ही पसरवलंत, आता तुम्हीच बैठकीत सांगा."

गणपतीआधी वाडीची बैठक भरली, तेव्हा मी उठलो. "तो प्यालेला नव्हता. वास बोंडूंचा होता."

सगळे खो खो हसले. माझ्या फजितीला हसायची सवय त्यांना मीच लावलेली. "हसू नका रे," म्हटलं, तर आणखीच हसले.

मागे ती मुलीला जवळ घेऊन बसली होती. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "भावजी, परत सांगा."

मी परत सांगितलं.